पाच देशांची पावडर

त्या उन्हाळ्यात दूध नासायला निमित्त लागत नव्हतं. पहाटेची धार कॅनमध्ये पडायची आणि दुधाची गाडी यायची ऊन डोक्यावर आल्यावर. गाडीवाला झाकण उघडायचा, नाक पुढे करायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हे घरीच ठेवा." घरी ठेवून काय त्यात पोहायचं? पण बोलणार कुणाला. गाडी धूळ उडवत निघून जायची आणि मी कॅन उचलून मागच्या खड्ड्यात ओतायचे. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्या दुधाला कंटाळली होती.

आमच्या दावणीला दोन म्हशी. थोरली सासूबाईंची. धाकटी थोरलीचीच लेक, ती माझी. माझी म्हणजे कुणी मला दिली असं नाही. ती जन्मताना उलटी अडकली होती आणि मी कोपरापर्यंत हात घालून तिला बाहेर ओढली होती. तेव्हापासून ती माझी, आणि घरात कुणाची तसं नाही म्हणायची छाती झाली नाही.

एक दिवस मी दूध ओतत होते आणि आमचे हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "दोन दोन म्हशी नाही पोसवायच्या आता. उन्हाळा सरेपर्यंत बघू, नाहीतर धाकटीला बाजार दाखवू."

"तुम्हीच उभे राहा बाजारात," मी म्हणाले, "बघू कुणी दात मोजतंय का."

ते काही बोलले नाहीत. हे बोलले नाहीत म्हणजे मनात ठरलेलं असतं. लग्नानंतर मला सगळ्यात आधी कळलेली गोष्ट हीच.

आणि अशात गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून आला.

डॉक्टर आमचाच, पण त्या दिवशी जरा परक्यासारखा वागत होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मावशी, जग तापतंय."

"ते मला सांगायला यायला लागतं होय रे?" सासूबाई म्हणाल्या. त्या ओल्या फडक्यानं थोरलीची पाठ पुसत होत्या.

मग त्यानं सगळं सांगितलं. म्हैस रवंथ करते, ढेकर देते, त्या ढेकरातून एक वायू निघतो आणि त्यानं हवा तापते. एका म्हशीचं काही नाही, पण जगभरातली गुरं धरली तर फार होतं. म्हणून पाच देश एकत्र आलेत. एकानं समुद्रातल्या वनस्पतीची पावडर काढली आहे, ती चाऱ्यात घातली की ढेकर कमी होतात. दुसऱ्या देशानं ढेकर मोजायचं यंत्र दिलं. तिसरा हिशेब करणार. चौथा या तिघांवर देखरेख ठेवणार.

"आणि पाचवा?" ह्यांनी विचारलं.

"पाचवे आपण."

"आपण काय दिलं?"

डॉक्टरनं दावणीकडे बोट केलं. "म्हशी."

हे ऐकून ओट्याच्या कोपऱ्यात बसलेल्या सासऱ्यांनी ढेकर दिला. आता सासऱ्यांच्या ढेकराबद्दल सांगायलाच हवं. तो वेशीपर्यंत जायचा. माझ्या लग्नात तो ऐकून वाजंत्री मध्येच थांबले होते. पोटात वायू धरतो म्हणून नाना औषधं झाली, वैद्य झाले, ढेकर मात्र जिथल्या तिथं. डॉक्टरनं त्यांच्याकडे एकवार बघितलं आणि घाईनं पुढचं सांगायला लागला.

पुढचं असं होतं. प्रत्येक घरात दोन जनावरं घ्यायची. एकीला रोज पावडर, दुसरीला नाही. मग यंत्र लावून दोघींचे ढेकर ताडून बघायचे. आणि ज्या गावात प्रयोग नीट पार पडेल, तिथं पाच देशांचं केंद्र होणार. केंद्र म्हटलं की दूध थंड ठेवायची मोठी टाकी.

टाकी म्हटल्यावर मी चूल सोडून बाहेर आले. "टाकी आली तर दूध नासणार नाही?"

"दोन दोन दिवस नाही नासणार."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली, मग म्हणाले, "टाकी आली तर राहील धाकटी. मी काय तिचा वैरी आहे?"

म्हणून मी म्हणते, त्या पाच देशांना हवा थंड करायची होती, चांगली गोष्ट आहे, पण मला माझी धाकटी दावणीला हवी होती. ज्याचं त्याचं.

पावडरीचा डबा आला. हिरवट काळी पावडर, खारट, कुबट वासाची, समुद्राच्या काठी सडलेल्या गवतासारखी. ठरलं की ती थोरलीला द्यायची, धाकटीला नाही. आंबोण कालवायचं काम सासूबाईंचं. त्यांच्या आंबोणात कुणी हात घातलेला त्यांना खपत नसे.

दिवस गेले. उन्हानं गोठ्याचा पत्रा तडतडायचा. पूर्वी गोठ्यावर सावली होती. गल्लीपलीकडच्या घराच्या अंगणात मोठं झाड होतं, झाड त्यांचं आणि सावली आमची. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या घरच्या बाईनं झाड तोडलं. तिच्या अंगणात पानांचा कचरा पडतो म्हणून. सासूबाईंनी विचारलं, "तुझा कचरा, पण माझी सावली होती ना?" ती म्हणाली, "सावलीला मुळं आहेत का तुझ्या दारात?" झालं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. आमच्या घरात तिला नाव नाही. ती नुसती 'समोरची'. समोरची खोकली तरी सासूबाई म्हणायच्या, मुद्दाम खोकते मेली.

तर एक दिवस माझ्या लक्षात आलं, घर फार शांत आहे. दुपारची जेवणं झालेली, भांडी घासून झालेली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं. ढेकर नव्हता. सासरे ओट्यावर बसून गालातल्या गालात हसत होते.

"मामंजी, बरं वाटत नाही का?"

"फार बरं वाटतंय," ते म्हणाले आणि जीभ आत घेतली. पण मला दिसली होती. हिरवी होती.

मी डबा उघडला. महिनाभर पुरायची पावडर, पण निम्म्या महिन्यातच तळ दिसत होता. सासऱ्यांनी खाल्ली तर किती खाल्ली असेल, माणूस आहे, म्हैस नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्याच्या दाराआड उभी राहिले. सासूबाईंनी दोन घमेली घेतली, डब्यातली दुप्पट पावडर काढली, हाताच्या ओंजळीनं दोन सारखे वाटे केले. एक थोरलीच्या आंबोणात, एक धाकटीच्या. आणि वर धाकटीला म्हणाल्या, "खा गं, सांगू नको कुणाला."

मी दाराआडून बाहेर आले. "आई! हे काय केलंत?"

त्या दचकल्या नाहीत की काही नाही. "काय केलं? एकीला वाढायचं आणि शेजारी दुसरी उभी आहे, तिला नुसतं बघायला लावायचं? असलं या घरात कधी झालं नाही. आणि ती लेक आहे तिची. आईच्या घशाखाली उतरेल का?"

"अहो, पण प्रयोग आहे तो! दोघींना दिलं तर फरक कसा कळणार? टाकी कशी येणार? धाकटी जाईल ना माझी!"

आता मात्र त्यांचा चेहरा पडला. "हे मला कुणी नीट सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. सांगितलं होतं, चारदा सांगितलं होतं. पण त्या म्हणतात तसं, कानावर पडणं वेगळं आणि पटणं वेगळं.

आता बोलायचं की गप्प बसायचं, हे ठरवायच्या आत यंत्र आलं. म्हशींच्या नाकाशी नळ्या, पाठीवर डबे. गल्लीतली माणसं बघायला जमली. मापं घेतली, आणि आठवड्यात पाच देश आमच्या अंगणात उभे. कारण सोपं होतं. दोघींचे ढेकर अगदी सारखे आले होते.

पावडरवाल्या देशाची एक उंच बाई होती, उन्हानं तिचं नाक टोमॅटोसारखं झालं होतं. ती म्हणाली, यंत्र खोटं आहे. यंत्रवाल्या देशाचा बुटका माणूस म्हणाला, यंत्र चोख आहे, पावडरच बोगस आहे. हिशेबवाले म्हणाले, आकडे आमचे बरोबर आहेत, म्हशी चुकीच्या आहेत. देखरेखवाल्यानं सगळ्यांना समज दिली आणि मग ते सगळे मिळून त्याच्यावरच घसरले. डॉक्टर मध्ये उभा राहून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगत होता. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं होतं. यंत्रवाला आपली नळी गुंडाळायला लागला. डॉक्टर हळूच मला म्हणाला, "वहिनी, संपलं. चाललेत हे. एकमेकांशी बोलायलासुद्धा तयार नाहीत."

धाकटी माझ्या खांद्याला नाक घासत होती. मी तोंड उघडणार तोच सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"सांग त्यांना, मी दोघींना दिली. सारखी सारखी. आणि विचार त्यांना, पाच पाच देश मिळून आलात आणि एका म्हशीपुरतीच पावडर आणलीत? लाज नाही वाटत?"

डॉक्टरनं घाम पुसला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी थोडंसंच सांगितलं.

"काय सांगितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "मी एवढं बोलले आणि तू एवढंसंच सांगितलंस."

"मावशी, मी सांगितलं की पावडर कमी पडली."

"आणि लाजेचं?"

"ते समजून घेतील."

तेवढ्यात सासऱ्यांना वाटलं की आता खरं बोलायची वेळ आहे. ते म्हणाले, "थोडी मीही खाल्ली. गुणकारी आहे." हे मात्र डॉक्टरनं पूर्ण सांगितलं असावं. पावडरबाईनं दोन्ही हात गालांवर ठेवले, मग सासऱ्यांची जीभ बघितली, डोळे बघितले, नाडी बघितली. सासरे खूश. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी डॉक्टरनं तपासलं होतं, आणि तेही फुकट.

आता गोम कळली होती. यंत्र खोटं नव्हतं, पावडर बोगस नव्हती. पण प्रयोग पुन्हा करायचा तर कसा? भिंत घाला, कुणी म्हणालं. भिंत घातली तरी वास जाणार, सासूबाई म्हणाल्या, आणि त्या वाटून देणारच, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. चोरून वागणं त्यांना पटत नव्हतं, आता उजेडात वागणार होत्या.

तेव्हा मी बोलले. "डॉक्टर, एका घरात दोन न्याय करू नका. आमच्या दोघींना पावडर द्या. आणि जिला द्यायची नाही ती म्हैस अशा घरातली घ्या, जिथं आमच्या सासूबाई मेल्या तरी काही नेऊन द्यायच्या नाहीत."

सगळ्या घरानं एकदम गल्लीपलीकडे बघितलं. समोरची दारात उभी राहून सगळा तमाशा बघत होती. तिच्या अंगणात, जिथं पूर्वी झाड होतं तिथं, तिची कपाळावर चांद असलेली म्हैस उन्हात उभी होती.

डॉक्टरनं पाच देशांना समजावलं. पावडरबाईला ते पटकन पटलं. पण देखरेखवाला शंकेखोर. त्यानं विचारलं, हे भांडण हंगाम संपेपर्यंत टिकेल याची खात्री काय?

सासूबाईंना हे लागलं. "म्हणजे? माझ्या शब्दावर भरवसा नाही? त्याला सांग, मी तिच्या दारचं पाणी प्यायले नाही इतकी वर्षं! सांग तिलाही!"

डॉक्टर वळला आणि गल्लीपलीकडे ओरडून समोरचीला सांगायला लागला, जणू तिला ऐकू गेलंच नव्हतं. मधे गल्ली चार पावलांची. समोरची म्हणाली, "त्यांना सांगा, त्यांच्या हातचं माझ्या म्हशीनं खाल्लं तर मी तिचं नाव बदलीन." डॉक्टरनं ते सासूबाईंना सांगितलं. दिवसभर पाच भाषांचा बोजा वाहिला होता बिचाऱ्यानं, आणि आता तो त्याच भाषेतलं त्याच भाषेत सांगत होता.

देखरेखवाल्याचं समाधान झालं. आमच्या भांडणावर पाच देशांचं एकमत झालं. यंत्रवाल्यानं नळी परत उलगडली आणि पावडरबाईनं दोन म्हशींपुरता नवा डबा दिला.

पण मी माझ्या सासूबाईंना ओळखते. दुसऱ्याच दिवशी आंबोण कालवताना त्यांचा हात थांबला. समोरचीची म्हैस मान लांब करून बघत होती. ती हंबरली. सासूबाईंनी तिच्याकडे पाठ केली. ती पुन्हा हंबरली.

"कशी बघते बघ," सासूबाई पुटपुटल्या. "मुक्या जिवाला काय कळतं भांडण."

मी मनात म्हटलं, गेली टाकी. गेली धाकटी.

मग मी एक काम केलं. सासूबाई आंघोळीला गेल्यावर कोंडा तव्यावर करपवला, खलात कुटला, त्यात थोडं मीठ घातलं. दिसायला हुबेहूब. तो त्या डब्यात भरला आणि खरी पावडर दुसऱ्या डब्यात घालून धान्याच्या कणगीत दडवली. "तुमचे गुडघे दुखतात, आंबोण मी घालते यापुढे," म्हटलं. त्या इतक्या पटकन तयार झाल्या की मला संशय यायला हवा होता.

रोज मी खरी पावडर थोरलीला आणि धाकटीला घालायचे. आणि रोज, दिवेलागणीच्या आधी, सासूबाई डब्यातला मूठभर करपलेला कोंडा फडक्यात बांधून गल्ली ओलांडायच्या. पहिल्या दिवशी समोरची कडाडली, "कोण आहे?" सासूबाई म्हणाल्या, "तुझ्याशी बोलत नाहीये. म्हशीशी काय माझं भांडण?" दुसऱ्या दिवशी समोरची दारात उभी राहिली, बोलली नाही. पुढे एक दिवस मी पाणी भरत होते तेव्हा तिचा आवाज ऐकू आला, "झाड तोडलं तेव्हापासून ऊन मलाही लागतंच की." सासूबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. पण परतायला त्यांना बराच वेळ लागला.

इकडे सासरेही डब्यात बोट घालतच होते. करपलेला कोंडा खात होते आणि ढेकर बंदच. "त्या देशाची पावडर म्हणजे सोनं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी तोंडावर हात धरून आत जायचे.

पुन्हा यंत्र आलं. नळ्या लागल्या, डबे लागले. त्या दिवसांत मी घडीघडी गोठ्यात चकरा मारायचे. धाकटी मात्र मजेत रवंथ करायची. मी तिच्या कानात म्हणायचे, बाई गं, एवढा एक दम धर.

मापं आली. आमच्या दोघींचे ढेकर घसरले होते आणि समोरचीच्या म्हशीचे होते तसेच. पावडरबाई आणि यंत्रवाला, एकमेकांची तोंडं न बघणारे, अंगणात एकमेकांना मिठी मारून उड्या मारायला लागले. थोरली घाबरून दावं तोडायच्या बेतात होती.

टाकी आली ती मोठ्या गाडीवरून, दोरखंडांनी बांधून. ह्यांनी आणि गल्लीतल्या माणसांनी फळ्या टाकून ती उतरवली. पहिल्या दिवशीचं दूध मी त्यात ओतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीवाल्यापुढे झाकण उघडलं. त्यानं सवयीनं तोंड वाकडं करून नाक पुढे केलं. मग तोंड सरळ केलं. "वहिनी, हे चालेल," म्हणाला.

मी सरळ गोठ्यात गेले, धाकटीच्या गळ्यात हात घातले आणि रडले. आमचे हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "आता का रडतेस?" या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही.

पाच देश निरोप घ्यायला आले तेव्हा सासूबाई आणि समोरची एकाच ओट्यावर बसल्या होत्या. बोलत होत्या, हसत होत्या, आणि मध्ये चहा. देखरेखवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यानं डॉक्टरला बाजूला घेतलं आणि घाईघाईनं काहीतरी विचारलं. डॉक्टर माझ्याकडे आला. "वहिनी, ते विचारतायत, या दोघींचं असं जमलं तर पुढच्या वर्षी प्रयोग कसा करायचा?"

"त्यांना म्हणावं, काळजी करू नका. अंगणात कोणतं झाड लावायचं यावर उद्या परवा वाजेलच."

सगळे गेल्यावर मी कणगीतून खऱ्या पावडरीचा डबा काढला आणि सासूबाईंपुढे ठेवला. आता लपवून काय करायचं? म्हटलं, "आई, एक सांगायचंय. तुम्ही रोज समोर नेत होतात ती पावडर नव्हती. कोंडा होता. मी करपवला होता. टाकीसाठी केलं, रागावू नका."

त्या थोरलीची पाठ पुसत होत्या. थांबल्यासुद्धा नाहीत.

"माझी जिंदगी गोठ्यात गेली," त्या म्हणाल्या. "करपलेल्या कोंड्याचा वास मला कळत नाही होय?"

"पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मीठ जास्त घातलं होतंस."

"मग आई, म्हशीला कोंडा घालायला रोज कशाला जात होतात?"

सासूबाईंनी फडकं बादलीत पिळलं आणि गल्लीपलीकडे बघितलं. समोरचीनं दिवा लावला होता.

"मग काय," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी रिकाम्या हातानं जाऊ?"